ज्यूकबॉक्ससमोर बसलेली बाई

आज एका गाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तासभर त्याच एका गाण्याबद्दल. गाणं आहे जेमतेम अडीच मिनिटांचं. तेव्हा आम्ही किती पाल्हाळ लावणार आहोत याचा हिशेब तुम्हीच करा. (हशा)

गाण्याचं नाव ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’. गायिका किटी वेल्स, कंपनी डेक्का. ३ मे १९५२ रोजी नॅशव्हिल शहरात हे ध्वनिमुद्रित झालं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. सहा आठवडे तिथं राहिलं. कंट्री संगीताच्या यादीत एकट्या बाईचं गाणं पहिलं आलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. पॉपच्या यादीतही ते २७ व्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्या फेरीतच आठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. आणि याच गाण्यावर एनबीसी या रेडिओ जाळ्यानं बंदी घातली होती, ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर ते गायला काही काळ मनाई होती.

एवढी माहिती कुठंही सापडेल. ती सांगायची एक ठरलेली रीतही आहे. बाईनं बंड केलं, बंद दार उघडलं, तिच्या मागून बाकीच्या आत आल्या. ऐकायला बरं वाटतं. पण गाणं नीट ऐकलं आणि पुढच्या दहा वर्षांत काय झालं ते पाहिलं, की ही रीत फार सोपी वाटायला लागते. दार उघडलं हे खरं, पण कुठलं उघडलं आणि कितीसं उघडलं, याबद्दल आज बोलू या.

आमची एक कबुली आधी. या गाण्याची कीर्ती वाचून आम्ही ते पहिल्यांदा लावलं तेव्हा चक्क निराश झालो. आम्हाला वाटलं होतं, बंदी घातलेलं गाणं आहे, बाई तडकून बोलणार, आवाजात ठिणग्या असणार. आणि कानावर काय पडतं? एक सपाट, किंचित नाकातला, अजिबात चढउतार न घेणारा आवाज. ताना नाहीत, हुंदका नाही. शाळेत उभं राहून पाठ म्हणावा तसं. आम्ही ते बंद केलं आणि बरेच दिवस परत लावलं नाही. चूक आमची होती, आणि ती कशी होती ते पुढं येईलच.

हे गाणं उत्तर आहे. म्हणजे आधी एक सवाल होता. तो सवाल टेक्ससचा गायक हँक थॉम्सन याच्या ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ या गाण्यात होता. १९५२ सालचं कंट्रीतलं सगळ्यात मोठं यश तेच. यादीत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर. आर्ली कार्टर आणि विल्यम वॉरन या दोघांनी ते लिहिलेलं. त्यात एक पुरुष बोलतो. त्याची बायको किंवा प्रेयसी त्याला सोडून दारूच्या, दिव्यांच्या, नाचगाण्याच्या जगात निघून गेली आहे. तिनं त्याच्याशी संबंध तोडलेत, ती त्याचं पत्र वाचायची नाही, फोन घ्यायची नाही, म्हणून सांगायचं ते त्यानं गाण्यात घातलंय. आणि सांगायचं काय, तर अशा बाया मुळातच तशा घडवलेल्या असतात, मला आधीच कळायला हवं होतं. घडवणारा देव. म्हणजे तक्रार बाईची आणि पुरावा देवाचा.

आता या गाण्याची मांडणी बघा. हे गाणं म्हणजे निरोप आहे. पत्र पोचत नाही, तर गाणं पोचेल. कुठं पोचेल? ती जिथं बसते तिथं, म्हणजे गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्समध्ये.

ज्यूकबॉक्स म्हणजे काय ते तरुण मंडळींना सांगायला हवं. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत असायचं हे यंत्र. आमच्या पिढीतल्या थोड्यांनी पाहिलंही असेल. कपाटाएवढी पेटी, आत तबकड्या, नाणं टाका, बटण दाबा, तुमचं गाणं वाजतं आणि नको असलं तरी सगळ्यांना ऐकावं लागतं. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली. त्यानंतर दक्षिणेत आणि टेक्सस-ओक्लाहोमाच्या तेलपट्ट्यात रस्त्याकडेला बियरचे गुत्ते उगवले, त्यांना हाँकी टाँक म्हणत. कामगार यायचे, ट्रकवाले यायचे, बायकाही यायच्या. गोंगाट एवढा की साधी गिटार ऐकू यायची नाही. म्हणून विजेवर चालणारी स्टील गिटार आली, ठोका ठळक झाला, आणि विषयही बदलले. कंट्रीचं जुनं गाणं आई, डोंगरातलं घर, देवळाची घंटा यांत रमायचं. हाँकी टाँकचं गाणं दारू, फसवणूक आणि मोडलेला संसार यांच्याकडं वळलं. युद्धानंतर १९४६ साली अमेरिकेत घटस्फोटांची संख्या तोवरच्या इतिहासात सगळ्यात जास्त होती. हे गाणं ऐकणारे लोक ते होते.

आणि आता किटी वेल्सचं गाणं कुठं सुरू होतं? ज्यूकबॉक्ससमोर. एक बाई बसली आहे आणि थॉम्सनचं गाणं वाजतंय. ती ते ऐकतेय, आणि ऐकता ऐकता तिला जुने दिवस आठवतात, ती विश्वासानं नांदणारी बायको होती ते दिवस. मग ती उत्तर देते. म्हणजे त्या माणसाचा निरोप खरोखर पोचला! त्यानं गाणं सोडलं, ते त्याच यंत्रातून तिच्यापर्यंत आलं, आणि आता त्याच यंत्रातून तिचा जबाब परत जातोय. हे लिहिणाऱ्याला सुचलं तेव्हा त्याला आपण काय केलंय याची कल्पना होती की नाही, देव जाणे. पण नायिका ही गाणं ऐकणारी बाई असणं, हे या गाण्याचं मर्म आहे असं आम्हाला वाटतं. गाण्यातून आजवर ज्यांच्याविषयी बोललं गेलं, त्या गाणं ऐकतही होत्या. कानांवर पडत होतं सगळं. हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सवाल-जवाब आपल्याकडंही आहे. आहेच. कलगी-तुऱ्याचे फड रात्र-रात्र चालायचे. पण एक फरक ध्यानात घ्या. कलगीवाला आणि तुरेवाला यांचं भांडण हे त्या खेळातच धरलेलं असतं. सवाल टाकणाऱ्याला जबाब हवाच असतो, नाहीतर रात्र संपणार कशी? थॉम्सनच्या गाण्याला जबाबाची अपेक्षा नव्हती. ती बाई त्या गाण्यात गप्प असणं हाच त्याचा पाया होता. दुसरं एक साम्य मात्र खरं आहे आणि ते जरा बोचणारं आहे. आपल्या कितीतरी लावण्यांत बाईच्या तोंडचे शब्द शाहिराचे, म्हणजे पुरुषाचे असतात. इथंही तेच. किटी वेल्सचं हे गाणं लिहिलं जे. डी. मिलर नावाच्या लुइझियानातल्या माणसानं. हाच मिलर पुढं १९६० च्या दशकात ‘रेब रेबेल’ नावाच्या छापाखाली गोऱ्यांच्या वर्णद्वेषाची अत्यंत गलिच्छ गाणी काढत होता. बाईला न्याय देणारं गाणं लिहिणारा माणूस न्यायीच असतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. आम्ही स्वतः हे कळल्यावर काही दिवस गाणं ऐकू शकलो नव्हतो. मग पुन्हा ऐकलं. गाण्यात ते नाही, हेही तितकंच खरं.

आता चालीकडं येऊ. थॉम्सनच्या गाण्याची आणि वेल्सच्या गाण्याची चाल एकच आहे. आणि ती दोघांचीही नाही. कार्टर कुटुंबानं १९२९ साली एक विरहगीत ध्वनिमुद्रित केलं होतं, ‘आय अ‍ॅम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’, त्याची ही चाल. पुढं १९३६ साली रॉय एकफ यानं ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हे भक्तिगीत याच चालीवर गायलं आणि ते घराघरांत पोचलं. त्या गाण्यातला पक्षी म्हणजे ख्रिस्ती मंडळी, बायबलातला दाखला. म्हणजे १९५२ च्या दक्षिणेतल्या श्रोत्याच्या कानात ही चाल देवाच्या गाण्याची चाल म्हणून मुरलेली होती. त्याच चालीवर थॉम्सन म्हणतो देवानं अशा बाया घडवल्या, आणि त्याच चालीवर वेल्स म्हणते, देवाला यात ओढू नका. आपल्याकडं अभंगाच्या चालीवर कुणी असं भांडायला लागलं तर श्रोते दचकतील ना, तसं काहीसं. शब्द कानावर पडायच्या आधीच चालीनं वाद देवळात नेऊन ठेवलेला होता.

बाई काय उत्तर देते ते नीट बघितलं पाहिजे, कारण इथं आमचं मत प्रचलित कौतुकापेक्षा वेगळं आहे. ती असं म्हणत नाही की मी तशी नाही. ‘गुत्त्यातली परी’ हे विशेषण ती स्वीकारते. ती वाद घालते तो कारणाबद्दल. घडवलं कुणी? देवानं नव्हे, तर लग्न होऊनही आपण सडेफटिंग आहोत असं वागणाऱ्या नवऱ्यांनी. बिघडलेल्या प्रत्येक बाईमागं एक पुरुष आहे आणि दोष मात्र सृष्टीच्या आरंभापासून बाईच्या माथ्यावर. युक्तिवाद धारदार आहे. पण त्याची किंमत बघा. थॉम्सनच्या गाण्यातली बाई निदान मजा करत होती! तिला दिवे आवडत होते, गर्दी आवडत होती. तो चिडला होता ते त्याचसाठी. वेल्सच्या गाण्यात ती मजा नाहीशी झाली. आता ती दुखावलेली, फसवलेली, मूळची चांगली बायको. बाईनं गुत्त्यात बसणं ही पडझडच आहे, हे दोन्ही गाण्यांना मान्य आहे. मला बसावंसं वाटलं म्हणून बसले, असं म्हणणारी बाई १९५२ साली यादीच्या वर गेली नसती. म्हणून याला बंड म्हणताना जरा जपून.

मग एनबीसीला एवढं झोंबलं काय? शब्दांत अश्लील असं काहीही नाही. कारण दिलं गेलं ते सूचकतेचं. नवरे बाहेर फसवतात हे एका बाईनं, विनोद न करता, रडल्याशिवाय, सरळ विधान म्हणून सांगितलं, बाकी काही नाही. त्याच रेडिओवर थॉम्सनचं गाणं वाजत होतं, त्यात गुत्ता होता, दारू होती, मोडलेला संसार होता. ते चाललं.

आता त्या आवाजाबद्दल. कोण होती ही बाई? जन्म नॅशव्हिलचाच, ३० ऑगस्ट १९१९. खरं नाव एलेन म्युरिएल डीसन. १९३७ साली जॉनी राइटशी लग्न. जॉनी आणि त्याचा साथीदार जॅक अँग्लिन यांची जोडी ‘जॉनी अँड जॅक’ म्हणून गाजत होती, १९५१ सालचं त्यांचं ‘पॉइझन लव्ह’ चांगलं चाललं होतं. किटी त्यांच्या कार्यक्रमांत मधेमधे गायची. ‘किटी वेल्स’ हे नावही एका जुन्या गाण्यातून नवऱ्यानंच ठेवलेलं. आरसीए व्हिक्टर कंपनीनं तिच्या काही तबकड्या काढल्या होत्या, त्या चालल्या नाहीत. तीन मुलं, वय बत्तीस, गाणं सोडून घर बघावं असं मनात. तेवढ्यात डेक्काच्या पॉल कोहेनकडून हे गाणं आलं. यातून काही मोठं होईल असं तिला वाटत नव्हतं. पण ध्वनिमुद्रणाचे संघटनेच्या दरानं १२५ डॉलर मिळणार होते, तेवढे घरात आले असते. टुलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत नवऱ्याच्याच तांड्यातल्या वादकांना घेऊन तिनं ते गायलं. देखरेखीला ओवेन ब्रॅडली. गाऊन झालं आणि बाई घरी गेली.

आम्ही ज्याला सपाट आवाज म्हटलं तो हा. आता परत ऐकतो तेव्हा असं वाटतं की दुसऱ्या कुठल्याही आवाजात हे गाणं वाचलं नसतं. जरा लाडिक आवाज असता तर लोक म्हणाले असते, बघा, ही तसलीच. जरा संतापलेला असता तर म्हणाले असते, कजाग आहे. रडकी असती तर दया आली असती आणि विषय तिथंच मिटला असता. किटी वेल्स यातलं काहीच करत नाही. साक्षीदार साक्ष देतो तसं ती सांगते. शेजारची बाई, चौकड्याचा साधा झगा घालून मंचावर उभी राहणारी, तीन लेकरांची आई. अशा बाईनं सांगितल्यावर खोटं कसं म्हणायचं? तिच्या मागं स्टील गिटार वाजते ना, ती रडते. सगळं रडणं तिच्याकडं सोपवलंय. गाणारी कोरडी.

आणि इथंच दुसरी अडचणही आहे. बोलू दिलं कुणाला? घरंदाज दिसणाऱ्या बाईला. गुत्त्यात खरोखर बसणारी जी बाई, तिच्या वतीनं हे गाणं बोलतं, पण गाणारी ती नव्हे. ती अजून ज्यूकबॉक्ससमोरच बसली आहे.

आता यादीकडं. आपण ‘पहिल्या क्रमांकावर गेलं’ असं सहज म्हणतो, जणू थर्मामीटरनं ताप मोजावा. यादी हा मोजणाऱ्याचा प्रश्न असतो, नुसता गाण्याचा नसतो. ‘बिलबोर्ड’नं कंट्रीची पहिली यादी सुरू केली जानेवारी १९४४ मध्ये, आणि ती ज्यूकबॉक्सचीच होती. कुठल्या तबकडीवर किती नाणी पडली, हे यंत्रांच्या मालकांना विचारून. पुढं १९४८ ला दुकानांतल्या खपाची यादी आली, आणि १९४९ च्या अखेरीस रेडिओवरचे निवेदक काय वाजवतात त्याची. १९५२ साली अशा तीन वेगळ्या याद्या होत्या. तीन दारं म्हणा. गुत्त्याचं, दुकानाचं आणि रेडिओचं.

रेडिओच्या दारावर पहारा होता. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम, कंट्रीची पंढरीच म्हणा. त्यातला अर्धा तास एनबीसीच्या जाळ्यावरून देशभर जायचा. म्हणजे एनबीसीनं नाक मुरडलं की ऑप्रीलाही सांभाळून राहावं लागणार. रेडिओचा पहारेकरी मोजतो तक्रारी. किती लोकांना आवडलं हे त्याला कळत नाही, एका पाद्र्याचं आणि एका जाहिरातदाराचं पत्र मात्र कळतं. ज्यूकबॉक्सला पत्र लिहिता येत नाही. तिथं पाच सेंटचं नाणं पडतं, टाकणाऱ्याचं नाव कुठं लिहिलं जात नाही, नवरा शेजारी नसताना टाकता येतं. दुकानात तबकडी कागदात गुंडाळून मिळते. १९४४ पासून साडेआठ वर्षं त्या याद्यांच्या माथ्यावर एकटी बाई नव्हती, तेव्हा धंद्यातले शहाणे म्हणत की लोकांना बायकांचं गाणं नको असतं. रॉय एकफ, तोच ‘ग्रेट स्पेकल्ड बर्ड’वाला, त्यानं जॉनी राइटला सल्ला दिल्याचं सांगतात, की बाईला मुख्य ठेवून कार्यक्रम लावू नकोस, लोक येत नाहीत. तो मनानं वाईट होता असं नाही. त्याच्यासमोर जी मोजणी होती ती तसंच सांगत होती. पण विकायलाच ठेवलं नाही त्याचा खप शून्य येणार, यात लोकांची आवड कुठं कळली? पॅट्सी मॉन्टॅनाचं ‘आय वॉन्ट टु बी अ काउबॉइज स्वीटहार्ट’ १९३५ साली भरपूर खपलं होतं. तेव्हा यादीच नव्हती, म्हणून धंद्याच्या स्मरणात ते अपवाद म्हणून राहिलं.

गंमत अशी, की ज्यूकबॉक्समधून ऐकणाऱ्या बाईचं गाणं ज्यूकबॉक्सनं आणि दुकानानं वर नेलं. गाण्यातली ती नायिका एक होती, यंत्रात नाणं टाकणाऱ्या किती होत्या ते ऑगस्टमध्ये कळलं. त्यात पुरुषही असणारच. आपण सोडून सगळे नवरे तसेच, असं मानणारे पुरुष पुष्कळ असतात. (हशा) ऑप्रीची मनाईही मग फार टिकली नाही. खपाच्या आकड्यापुढं शील फार दिवस ताठ राहत नाही.

आता आम्हाला ज्याची खंत वाटते ते. धंद्यानं या यशातून काय शिकावं? ‘बायकांचं गाणं चालतं’ हे शिकता आलं असतं. तो शिकला ‘उत्तरं चालतात’. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, दुसरी एकटी बाई यादीच्या वर गेली, गोल्डी हिल. गाणं ‘आय लेट द स्टार्स गेट इन माय आइज’. हेही उत्तरच! ‘डोन्ट लेट द स्टार्स गेट इन युअर आइज’ या गाण्याचं. म्हणजे पहिल्या दोन्ही वेळा बाई वर गेली ती पुरुषाच्या गाण्याचं शेपूट धरून. किटी वेल्सलाही त्याच कामाला जुंपलं. वेब पिअर्सचं ‘बॅक स्ट्रीट अफेअर’ गाजलं, लगेच तिच्याकडून ‘पेइंग फॉर दॅट बॅक स्ट्रीट अफेअर’. ती उत्तरं ऐकून बघा, बरी आहेत, पण पहिल्यातली कोरडी साक्ष त्यांत नाही. पहिल्या गाण्यात उत्तर देणं ही गरज होती. नंतर तो मालाचा प्रकार झाला. तिची गाणी पहिल्या दहांत येत राहिली, लोक तिला कंट्रीची राणी म्हणू लागले, १९५४ ला रेड फोलीबरोबरचं ‘वन बाय वन’ पहिलं आलं. एकटीच्या नावावर मात्र पुन्हा पहिला क्रमांक लागला तो १९६१ साली, ‘हार्टब्रेक यू.एस.ए.’ला. मधे नऊ वर्षं. राणीला नऊ वर्षं!

दार उघडलं म्हणणाऱ्यांना आमचं म्हणणं एवढंच, की बाईला बोलायची परवानगी मिळाली ती आधी पुरुष बोलला असेल तर. सवालाशिवाय जबाब चालणार नव्हता.

ही अट मोडली पुढं. ज्या ओवेन ब्रॅडलीनं ते १२५ डॉलरचं ध्वनिमुद्रण केलं, त्याच्याच हाताखाली पॅट्सी क्लाइन घडली, नंतर लॉरेटा लिन आली. लॉरेटाचं ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’’ १९६७ ला पहिलं आलं. ते तिनं आणि तिच्या बहिणीनं मिळून लिहिलेलं. तिथं कुणाच्या गाण्याला उत्तर नाही, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला थेट सुनावणं आहे. १९७५ चं तिचं ‘द पिल’ हे गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं कितीतरी स्टेशनांनी वाजवायला नकार दिला, तरी ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुन्हा तेच, पहारेकरी एकीकडं आणि नाणं दुसरीकडं. लॉरेटा किटी वेल्सला फार मानायची. मानावंच. पण किटीच्या गाण्यात जी बाई कारण सांगत बसली होती ती लॉरेटाकडं कारण सांगत नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०१५ साली अमेरिकेतल्या एका रेडिओ सल्लागारानं व्यवसायाच्या पत्रिकेत सांगितलं, की कंट्री स्टेशनवर पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो, तेव्हा टोमॅटो बेतानंच घालावेत आणि दोन बायका लागोपाठ वाजवू नयेत. गायिकांनी टोमॅटोचे शर्ट काढले, खूप गदारोळ झाला. त्याचाही आधार आकडेवारीच होता. २०२४ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेचं ‘टेक्सस होल्ड एम’ बिलबोर्डच्या मुख्य कंट्री यादीत पहिलं आलं, त्या जागी पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय बाई. ती यादी आता खप, इंटरनेटवरचं ऐकणं आणि रेडिओ, तिन्ही धरते. फक्त कंट्री रेडिओच्या यादीत मात्र ते गाणं पहिल्या दहांच्या आसपासही फिरकलं नाही. कुणी म्हणेल गाणंच कंट्री नव्हतं. असेल. तो वाद आज नको. आम्हाला दिसतं ते एवढंच, की बहात्तर वर्षांनी नाणं टाकणारे आणि पहारा करणारे अजून वेगवेगळे आकडे सांगताहेत.

जाता जाता दोन तबकड्यांचा उल्लेख करतो. १९८१ मध्ये वेलन जेनिंग्ज आणि जेसी कोल्टर या नवरा-बायकोनं दोन्ही गाणी जोडून एकच केली. तो सवाल गातो, ती जबाब देते. छान गातात, पण ऐकताना सारखं वाटतं की हे आता घरगुती भांडण झालं, संध्याकाळी मिटेल. दुसरी १९९३ ची. डॉली पार्टन, लॉरेटा लिन आणि टॅमी वाइनेट या तिघींनी मिळून एक संग्रह काढला, नाव ‘हाँकी टाँक एंजल्स’. त्यात त्यांनी हेच गाणं घेतलं आणि किटी वेल्सला पाहुणी म्हणून बोलावलं. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. बाकीच्या तिघी सजवून, रंगवून गातात. हिचा आवाज आला की लगेच ओळखू येतो, चाळीस वर्षांनीही त्याला कुणी इस्त्री फिरवलेली नाही. थॉम्सनचा सवाल तिथं नाही. तो ठाऊक नसलेल्या लोकांनाही ते गाणं कळतं, हे आम्हाला आवडलं.

बरं, वेळ झाली. आता दोन्ही मूळ तबकड्या लागोपाठ लावतो, आधी हँक थॉम्सन, मग किटी वेल्स. चाल तीच आहे, त्यामुळं दुसरी कधी सुरू झाली ते आवाजावरूनच ओळखावं लागेल. तुमचे प्रश्न त्यानंतर घेऊ. मागच्या बाकांवरच्यांना ऐकू येतंय ना?